बिनधुराची रिक्षा

"धूर नसेल, तर आत विस्तव आहे हे ओळखायचं कसं?"

हे मी शाळेत असताना मोरूदादाला विचारलं होतं. दादा समुद्राकाठच्या अणुवीज केंद्रात बागेचं काम करायचा. तिथं कोळसा जळत नाही, तेल जळत नाही, तरी आपल्या घरातला दिवा तिथूनच पेटतो, असं तो सांगायचा. मी प्रश्न विचारला की नुसता हसायचा. मास्तरांना विचारलं, तर त्यांनी बाकावर उभं केलं.

यंदा दादा तापानं गेला.

तेरावं झालं आणि त्यानं आधीच नोंदवून ठेवलेली विजेची रिक्षा दारात आली. मी कोणाला न विचारता ती टेकडीवरच्या मठात नेली.

मठातल्या गोविंदनाथबाबांना डिझेलच्या धुरानं खोकला यायचा. ते कधी गाडीत बसले नव्हते. बिनधुराची गाडी आणून तुम्हाला समुद्र दाखवीन, असा दादानं त्यांना शब्द दिला होता.

आमच्याकडं नवी गाडी मठात आली, की तिच्याच सायलेन्सरमधली काजळी बोटावर घेऊन तिला तीट लावतात. मी रिक्षाखाली आडवा झालो. पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"काय शोधतोस, अनंत्या?"

"सायलेन्सर."

बाबा हसता हसता धुनीजवळ खालीच बसले. मग मलाही हसू फुटलं. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच.

पण तीट तर हवी होती. दादाला नजर लागली, असं आई म्हणते. आता बाबांना काही झालं तर... शेजारी डिझेलचा टेम्पो उभा होता. मी त्याच्या सायलेन्सरमध्ये बोट घातलं.

बाबांनी मनगट धरलं.

"दुसऱ्याच्या धुराची तीट?"

"बाबा, नजर लागेल."

"लागू दे. बघण्यासारखीच आहे."

ते आत बसले आणि आम्ही निघालो. गाडीला आवाज नाही. कोंबड्या हलेनात, म्हशी हलेनात. शेवटी बाबांनीच डोकं बाहेर काढून "सरका, सरका" सुरू केलं. गावातली पोरं मागं धावली, तर बाबा त्यांना वेडावून दाखवत होते. उतारावर मला म्हणाले, अजून जोरात घे.

मग समुद्र दिसला.

केंद्राच्या भिंतीवर दादानं लावलेली बोगनवेल फुलली होती. मी गाडी थांबवली. आरशात पाहिलं, तर बाबा सीटच्या एका कोपऱ्यात अंग चोरून बसले होते.

"बाबा, अख्खी सीट मोकळी आहे. ऐसपैस बसा की."

"मोकळी कुठं आहे?"

मी वळून पाहिलं. बाबांच्या शेजारी कोणीच नव्हतं...

जुना प्रश्न तोंडात आला. विचारला नाही.

खाली उतरलो. बाबांच्या पलीकडच्या बाजूचा पडदा गुंडाळून वर बांधला. दादाला गाडीत वारा हवा असायचा.

पुन्हा हँडल धरलं.

"आता हळू चालव," बाबा म्हणाले. "आम्हा दोघांना घाई नाही."