मॅक विका म्हणे!

कुडाळच्या वृंदा तेंडोलकरांच्या जुन्या फोनात त्यांच्या दिवंगत आईनं गायलेली फुगडीची गाणी होती. ती बाहेर काढायचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चाले आणि वृंदाताईंकडे होता मॅक, म्हणजे विंडोज नसलेला संगणक.

"मॅक विका, विंडोजवाला घ्या. नाहीतर गाण्यांवर पाणी सोडा!" संगणकाचे दुकानदार पेडणेकरांनी चारचौघांत सुनावलं.

वृंदाताई घरी आल्या, पण आईचा आवाज कायमचा जाणार, या विचारानं त्यांना चैन पडेना. वाचून, विचारून त्यांनी मॅकच्या आतच विंडोज बसवलं. फोन जोडला आणि आई गायला लागली.

पुढे पेडणेकर भेटले. "काय, विकला का मॅक?"

"छे! त्याच्याच पोटात विंडोज बसवलं. पाहुणा आला म्हणून कुणी घर विकतं का? एक खोली मोकळी करून देतात."

पेडणेकर जवळ सरकले. हळूच म्हणाले, "ताई, ती खोली कशी मोकळी करायची, मलाही दाखवाल?"