एकटोल्याचा काळा हिरा

देवळापुढचा हा काळा दगड पाहून तोंड वाकडं करू नका, पाव्हनेहो. कोळसा नाई, हिरा हाये. कोनी म्हनते आभाळातून पडला. मी काई पाह्याले नव्हतो. अन् गावाचं नाव एकटोला. टोला म्हन्जे वस्ती, असं कोना सायबानं लिवून ठेवलं, ते सपशेल खोटं. टोला म्हन्जे हातोडीचा टोला. तो कोनी मारला, ते आइका.

लय वर्सांमागं म्हने इथं झिंगरू नावाचा मानूस राहे. नदीच्या रेतीत त्याले हा दगड भेटला. त्याच्या पोरीचं, सयत्राचं, लगन ठरलं मोतीरामशी. मोतीराम शहरातला हिरे फोडनारा. मिशी अशी, की दोन टोकाले दोन लिंबं उभे करा. बोटात पांढऱ्या हिऱ्याची आंगठी. बोलताना हात मुद्दाम उन्हात धरे.

वरात आली. सयत्रा हळदीनं पिवळी होऊन मांडवात बसली, अन् नवरदेव रुसला. "हिरा द्या, मंगच बोहल्यावर चढीन." झिंगरूनं घरात सगळ्यात भारी व्हता तो हाच दगड आनून त्याच्या हातावर ठेवला.

मोतीरामले हसूच आलं. आपल्यासारख्या कारागिराले हे भिकारडं सोंग? त्यानं दगड उन्हात धरला. उजेड आत गेला तो बाहेरच येईना. वरून बारीक बारीक भोकं, देवी येऊन गेल्यासारखी.

"मामा, कोळसा हाये हा. एका टोल्यात फोडून दाखवतो. फुटला त वरात वापस. नाई फुटला त मिशी इथंच ठेवतो."

"ठेवाच," मांडवातून सयत्रा म्हनाली. "आमाले तोंड तरी दिसन."

मोतीराम नस शोधाले बसला. पांढऱ्या हिऱ्याले सरळ नस असते, बाप्पा. तिच्यावर टिचकी मारा, दोन फाका. चमकनाऱ्याचं असंच असते. ह्या काळ्याले नसच नाई! बारीक दान्यांचा गठ्ठा हाये तो. आमच्या भाऊबंदावानी तोंडं सगळ्यायची भलतीकडं, पन हात एकमेकाच्या हातात. फूट पाडाची कुठून?

ऊन कललं. भात थंडा झाला. वऱ्हाडी पेंगाले लागले. मोतीरामचं बोट दगडावरून फिरतच राह्यलं, पन नस काई भेटंना. पन कबूल कोन करते? हिरेफोड्या ना तो! डाव्या हातानं दगड दाबून धरला, डोळे मिटले, अन् हानला टोला.

हातोडी दगडावरून उडाली, अन् बसली आंगठीवर. बरोब्बर नसेवर! पांढऱ्या हिऱ्याच्या दोन फाका मांडवात घरंगळल्या. काळ्यावर चरा नाई.

सयत्रा उठली, फाका येचल्या, त्याच्या हातावर ठेवल्या. "आता सांगा, कोळसा कोनता?"

न्हावी तं लग्नाले बोलावलेलाच व्हता.

लगन लागलं, असं सांगतेत. पन सयत्रा काई सासरी गेली नाई. त्यालेच घरजावई करून ठेवला. जलमभर गावातल्या जात्यायले टाकी लावत बसला म्हने, बिनमिशीचा.

आजही एकटोल्यात नवरदेव रुसला, त कोनी भांडत नाई. हातोडी पुढं करतेत: "फोड, अन् माग काय मागतं ते." अजून कोनी उचलली नाई. मागच्या साली एक जन मोटरसायकलसाठी रुसला व्हता. त्यानं दगडाकडं पाह्यलं, वस्तरा पाजळत बसलेल्या न्हाव्याकडं पाह्यलं, मिशीवरून एकदा हात फिरवला, अन् गुमान पंगतीत जाऊन म्हने, "बुंदी वाढा."