साखळ्यांची बाग

फार पूर्वी ग्रीकांच्या देशात, समुद्रकाठच्या एका गावात एक लेखक राहत होता. तरुणपणी तो वर्षभर शेजारच्या बेटावर मामाकडे जाऊन राहिला आणि परत आल्यावर त्याने ‘बाबिलोन पाहून आलो’ असं ठोकून दिलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी गाव चौकात जमायचं आणि बाबिलोनच्या गोष्टी ऐकताना तहानभूक विसरायचं.

एकदा एक खलाशी त्याला म्हणाला, "तिथली बाग लांबून अधांतरी वाटते म्हणे!" झालं! लेखकाने मनानेच चार साखळ्या जोडल्या आणि चौकात सांगितलं, "बाग आभाळात टांगलेली आहे. मी या डोळ्यांनी पाहिली!"

गाव नुसतं पेटलं. "बाबिलोनला आहे, मग आपल्याला का नको?" चौकात चार उंच खांब उभे राहिले, मधे साखळ्यांनी भलामोठा लाकडी पाट टांगला, त्यावर माती पडली, डाळिंबाची रोपं लागली.

काम सुरू करतानाच गावच्या सुताराने लेखकाला विचारलं होतं, "तुम्ही पाहिलंय म्हणून विचारतो, साखळी केवढी जाड होती?"

"बोटाएवढी," लेखक बेधडक म्हणाला.

उद्घाटनाला अख्खं गाव लोटलं. बागेत पहिलं बसायचा मान कुणाला? अर्थातच लेखकाच्या लाडक्या लेकीला! ढोल वाजले, पोर शिडी चढून वर बसली. तेवढ्यात साखळी करकरली. लेखकाने खरं बोलावं तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती, आणि गप्प बसावं तर पोर वर होती.

"उतरवा तिला!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. "मी बाबिलोन पाहिलेलंच नाही! मामाच्या बेटापुढे गेलोच नाही! साखळ्या माझ्या मनच्या आहेत!"

सुताराने पोरीला खाली ओढून बाजूला नेलं मात्र, काडकन साखळी तुटली आणि सगळी बाग चौकात कोसळली. लेखकाने लेकीला पोटाशी धरलं आणि तो हमसून हमसून रडला.

"म्हणजे ते वर्षभर मामाकडेच होतात होय?" सुताराने विचारलं, आणि गाव खो खो हसलं.

दुसऱ्या दिवशी कुणी येणार नाही असं धरूनच लेखक चौकात गेला. पाहतो तर पाय ठेवायला जागा नाही! पुढे बसलेल्या लेकीने विचारलं, "बाबा, आज पाहिलेलं सांगणार की ऐकलेलं?"

"ऐकलेलं," तो मान खाली घालून म्हणाला.

"मग घाबरता कशाला? खूप मोठ्ठं सांगा!"

तात्पर्य: ऐकलेलं हवं तेवढं रंगवून सांगावं, पण ‘मी पाहिलं’ म्हणताना जपावं, त्या शब्दाच्या भरवशावर लोक आपली पोरं वर चढवतात.