बियाण्याला राखलेला दुधी

ओसरीमहाराज गावोगाव फिरत, पण कोणाच्या घरात म्हणून पाऊल टाकत नसत. ओसरीवर बसत, ओसरीवर जेवत, ओसरीवरच निजत. कोणाची ओसरी निवडतील हे मात्र सांगता येत नसे, आणि त्यामुळे बऱ्याच मोठ्या माणसांच्या ओसऱ्या उगीचच सारवलेल्या राहत.

एका वैशाखात महाराज आंबेखिंडीला आले ते थेट ठकूबाईच्या ओसरीवर. ही ठकूबाई ओढ्याकाठी भाजीचा मळा करी. मळा कसला, पूर्वी ती निव्वळ बरड, मुरमाड जमीन होती. मागच्या एका फेरीत महाराजच तिला म्हणाले होते, "बाई, इथं भाजी लाव. पण बाहेरचं काही आणू नकोस. मातीला घरचंच जेवू घाल." झाले! तिने तो शब्द शिरसावंद्य मानला. रानातला पाला, गोठ्यातले शेण, चुलीतली राख, मिळेल ते ती वाफ्यांवर पसरत गेली. वांग्यांत झेंडू, मिरचीच्या कडेला मका अशी सरमिसळ लावत गेली. बीसुद्धा दरसाल आपल्याच मळ्यातले धरी. हळूहळू बरड काळी झाली, ओल धरू लागली, आणि गावाच्या ताटात भाजी दिसू लागली.

"ठकूबाईच्या रानात भाजी कमी, कचरा फार," असे दाजीसाहेब इंगवले चारचौघांत म्हणत. दाजीसाहेब गावच्या मठाचे प्रमुख. देवाला काय आवडते, याची त्यांना देवापेक्षाही जास्त खात्री होती.

त्या वर्षी मोठी गारपीट झाली होती. ठकूबाईने दुधीचे बी गावभर वाटले होते, पण गारांनी तिच्याबरोबर सगळ्यांचेच वेल झोडपले. सासूपासून चालत आलेल्या त्या वाणाचा एकच वेल बांधाच्या आडोशाला तगला, आणि त्याला एकच दुधी धरला. कोणाच्याच गाठीला पेरण्याजोगे बी उरले नव्हते. ठकूबाईने दुधीच्या देठाला तांबडी चिंधी बांधली. चिंधीचे फळ बियाण्याला राखलेले, त्याला कोणी हात लावायचा नाही, हा तिकडचा रिवाज. असे फळ वेलावरच जून व्हावे, वाळून त्याचे लाकूड व्हावे, तेव्हा कुठे आतले बी पेरायच्या कामाचे. हा दुधी तर अजून इतका कोवळा, की नख लावले तर रुतावे.

महाराज ठकूबाईकडे उतरल्याचे कळले, तेव्हा दाजीसाहेबांच्या घरी पुरण शिजत होते. ते तसेच टाकून दाजीसाहेब मठातल्या मंडळींसह तिच्या अंगणात आले. महाराजांना नमस्कार केला आणि अंगणातल्या चुलीशी बसलेल्या ठकूबाईकडे वळले.

"काय वाढणार गं महाराजांना?"

"माठाची भाजी नि भाकरी, साहेब."

"माठ! अगं, साक्षात महाराज दारात, आणि माठ? मग तो बांधावरचा दुधी कुणासाठी लपवून ठेवलास?"

"लपवला न्हाई, साहेब. बियाण्याला राखलाय. चिंधी बांधलीया."

"ऐकलंत? महाराजांना पाला, आणि दुधी चिंधीला!"

मंडळी हसली. हसण्यासाठीच ती बरोबर आली होती.

ठकूबाईचे हात पिठाने भरलेले होते. ती म्हणाली, "साहेब, येवढा येकच हाय. त्यो गेला तर गावातनं ह्यो वाण गेला. तुमच्या परड्यातला वेलबी ह्याचाच हुता."

"परमार्थात असला हिशेब करणाऱ्याची भक्ती कच्ची!" दाजीसाहेब तरातरा मळ्यात शिरले.

"नका हो साहेब, पाया पडते!" ठकूबाई मागोमाग धावली.

कट्! देठ तुटला.

दाजीसाहेबांनी चिंधी झटकून टाकली आणि दुधी महाराजांपुढे ठेवला. ठकूबाईने महाराजांकडे पाहिले. आता नाही म्हणावे तर गुरूचा अपमान, आणि हो म्हणावे तर पुढच्या सालाचे काय? तोडलेले फळ पुन्हा वेलाला लागत नाही. तिच्या डोळ्यांत पाणी तरळले.

महाराजांनी दुधीवरून एकदा हात फिरवला. "वा! छान आहे. चिरा."

ठकूबाईने मुकाट्याने विळी ओढली. तोच महाराज म्हणाले, "तू थांब. ज्यांनी तोडला त्यांनीच चिरावा."

गुरूंची आज्ञा! दाजीसाहेब धोतर आवरत विळीवर बसले. जन्मात पहिल्यांदाच बसत होते, पण चेहरा असा की जणू विळीचा त्यांनी सत्कारच केला. दुधी पात्यावर दाबला. पाते घसरले. पुन्हा दाबला. पुन्हा घसरले.

"विळीला धार नाही," दाजीसाहेब म्हणाले.

ठकूबाईने आत्ताच त्याच विळीवर माठ चिरला होता.

"कोयता आणा!"

कोयता आला. पहिला घाव टण्णकन उडाला. मंडळींचे हसू कुठल्या कुठे गेले. दाजीसाहेबांच्या कपाळावर घाम फुटला. दातओठ खाऊन त्यांनी कोयता डोक्यावर नेला आणि सगळा जोर लावून हाणला. कोयता दुधीवरून निसटला आणि त्यांच्या पावलाजवळ, अंगठ्याला घासून जमिनीत रुतला!

बायका किंचाळल्या. दाजीसाहेब पांढरेफटक पडले, आणि कोयत्याकडे बघता बघता त्यांची नजर दुधीकडे गेली. हिरवा म्हणून तोडलेला दुधी भाजल्या मडक्याच्या रंगाचा झाला होता. त्यांनी तो उचलला. उलटून पाहताना दुधी हलला, आणि आतून आवाज आला, खुळ्ळ, खुळ्ळ!

काय ती कृपा! वेलावर दोन महिने लागावेत ते महाराजांच्या हाताखाली दोन श्वासांत झाले होते. ठकूबाईने दुधी कानाशी धरला, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.

महाराज म्हणाले, "दाजी, राखलेलं मीसुद्धा मागत नाही. तुम्ही माझ्या नावानं कसं मागितलंत?"

मठाचे प्रमुख झाल्यापासून दाजीसाहेबांना असे कोणी विचारले नव्हते. ते महाराजांच्या पायांशी वाकले. महाराजांनी पाय आखडून घेतले आणि ठकूबाईकडे बोट केले. दाजीसाहेब वळले, गुडघे टेकले, आणि तिच्यापुढे मातीत कपाळ ठेवले.

"ठकूबाई, चुकलो गं. पेरणीला चार बिया मलाही दे."

"अवं, उठा साहेब! देते की. सगळ्यांस्नी देते," ठकूबाई गडबडून मागे सरली. "महाराज, त्यांस्नी उठायला सांगा!"

महाराजांनी भाकरीचा तुकडा मोडला, माठाची भाजी लावली आणि शांतपणे म्हणाले, "राहू दे थोडा वेळ डोकं तिथंच. चांगली माती आहे."