नाशवंत फ्रिज

"मग माझं चुकलं कुठे, महाराज?" त्र्यंबकने विचारलं. "वस्तू नाशवंत आहे, एवढंच तर मी त्या बाईंना सांगितलं."

महाराज वाल सोलत बसले होते. ते सोलतच राहिले.

त्या बाई म्हणजे मठाखालच्या आळीतल्या शेवंताबाई. त्यांचा फ्रिज चौदाव्या महिन्यात बंद पडला होता. गॅरंटी बारा महिन्यांची, ती संपली म्हणून दुकानदाराने काखा वर केल्या. नवऱ्याच्या इन्सुलिनच्या बाटल्या त्या माउलीने ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवल्या होत्या, आणि ऊन तर रोज वाढत होतं. ग्राहक मंचाकडे अर्ज करायचा होता. त्र्यंबकचं अक्षर चांगलं, तो लिहून देईल, एवढ्या आशेने त्या मठाच्या पायऱ्या चढून आल्या.

त्र्यंबकने त्यांना अर्ज दिला नाही, वैराग्य दिलं. दुसऱ्याची वस्तू मोडली की त्याला ते फार पटकन सुचत असे.

"बाई रडल्या का?" महाराजांनी विचारलं.

"नाही. मला नमस्कार करून गेल्या."

"मग फारच वाईट झालं."

...

त्या मठात एक जुनी रीत होती. ज्याने उपदेश केला, त्याने तो दिवस मावळायच्या आत स्वतः आचरून दाखवायचा. त्र्यंबक ती सोयीने विसरला होता. महाराज विसरले नव्हते. त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं.

"आपला फ्रिज त्यांच्याकडे पोचव."

त्र्यंबक जागचा हलला नाही. तो फ्रिज एका भक्ताने गेल्याच वर्षी दिलेला, शेवंताबाईंच्या फ्रिजच्याच कंपनीचा. रोज सकाळी पूजा आटोपली की त्र्यंबक तो स्वतः पुसून लख्ख करी.

"पण महाराज, तो नवा आहे. अजून दहा वर्षं तरी त्याला काही होत नाही."

"दहा?"

"फ्रिज म्हटला की तेवढा चालायलाच हवा. नाहीतर घ्यायचा कशाला?"

...

महाराजांनी वालाचं ताट बाजूला सारलं आणि एक कोरा कागद त्याच्यापुढे ठेवला.

त्र्यंबक कागदाकडे बघत राहिला. आपण काय बोलून गेलो ते त्याला उमगलं. लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. मग त्याने पेन काढलं आणि आत्ता बोललेलंच वाक्य जसंच्या तसं लिहिलं. त्याखाली बिलाची तारीख आणि फ्रिज बंद पडल्याची तारीख घालायला जागा सोडली. तासाभरात अर्ज असा उतरला की वकिलानेही मान डोलावली असती.

"झाला," तो म्हणाला. त्याला फार हलकं वाटत होतं. "कंपनीला आता फ्रिज बदलून द्यावाच लागेल. मग आपला न्यायला नको ना?"

महाराज तोवर अंगणात उतरून हातगाडी सरळ करत होते.

"निकाल लागेपर्यंत इन्सुलिनला तुझं अक्षर दाखवायचं का? जा, दोर आण."