मार्तंडाने पंगत दुरुस्त केली

एका गावात एक भोळा प्रोग्रामर राहायचा. नाव मार्तंड; पण डोक्यात उजेड बेताचाच. सात मुलींनी त्याला नकार दिला होता. आठवीने, वच्छलेने, पोहे देता देता होकार दिला. आता हे लग्न एकदाचं पार पडावं, एवढंच बिचाऱ्याला हवं होतं.

तो कालिंदीताईंकडे कामाला होता. ताईंनी संगणकासाठी 'पंगत' नावाची लायब्ररी लिहिली होती. या लायब्ररीत पुस्तक एकही नाही, नुसते तयार हिशेब. आकडे ओळीने बसवायचे, की साऱ्या ओळीचं गणित एका फटक्यात. गावचा आचारी तिच्यावरच जिलब्यांचा अंदाज काढी. जगावेगळा आकडा आला, की मात्र ती अडे. तेवढं दुरुस्त करायचं काम मार्तंडाचं.

एका मुंजीत एक ओळ रिकामीच राहिली. माणशी जिलब्या किती? यंत्र शून्याने भागत बसलं आणि जेवणं खोळंबली.

"अरे, रिकामं दिसलं की शून्य धर आणि पुढे हो," ताई म्हणाल्या.

"बरं, ताई."

मग एक डोहाळजेवण आलं. पोटुशी लेक किती खाईल कोण सांगणार, म्हणून तिचा आकडा कोरा होता. मार्तंडाने शून्य धरलं. साऱ्या बायकांना जिलब्या, हिचंच पान कोरडं. ती रडायलाच लागली.

"अरे शहाण्या, कोरं म्हणजे शून्य नव्हे! तिथे बाकीच्यांची सरासरी धर."

"बरं, ताई."

पुढे तिच्याच बाळाचं बारसं झालं. बाळाचा आकडा कोरा. पाळण्यात सहा जिलब्या वाढल्या गेल्या, पाकासकट.

ताईंनी कपाळावर हात मारला. "भलतंच काही दिसलं की गप्प बसू नकोस! ओरड, सगळं थांबव आणि पहिल्यापासून चालव."

"बरं, ताई."

लग्नाचा दिवस उजाडला. वच्छलेच्या अंगणात मांडव पडला. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट दूर झाला. वच्छलेच्या डोळ्यांत पाणी! मार्तंडाला हे भलतंच वाटलं.

"चूक! थांबवा!" तो ओरडला.

वाजंत्री गप्प झाली. हार वच्छलेच्या हातातच राहिला. मार्तंडाने मुंडावळ्या सोडल्या, ओसरीवर जाऊन बसला आणि सासऱ्यांना म्हणाला, "नमस्कार. मुलगी बघायला आलोय. पोहे आणा."

वच्छलेने डोळे पुसले. नेसल्या शालूतच ती पोहे घेऊन आली. या खेपेस तिने त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "नाही."

मार्तंड धावत ताईंकडे गेला.

"ताई, मुलगा तोच, मुलगी तीच, पोहेही तेच, तरी उत्तर बदललं! तुमच्या 'पंगत'मध्ये अजून एक चूक आहे."