धुरपाची चढण

भांगमाथ्याला जाणारी वाट कुसरवाडीच्या शेवटच्या घरामागून निघते आणि थांब्याच्या धोंड्यापाशी अडते. अडते म्हणजे अडवली जाते. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी वाडीतल्या बायका पहाटेपासून तिथे उभ्या असतात. प्रत्येकीच्या तोंडात ओढ्यातला एक गुळगुळीत खडा असतो आणि तो तोंडात असेतोवर कुणी कुणाशी बोलत नाही. पहिला परका माणूस वाटेवर दिसला की खडे धोंड्यावर थुंकले जातात आणि तोंडं सुटतात. आलेल्याच्या खिशातलं लोखंड काढून घेतात, मग तो चाकू असो की घराची किल्ली. त्याच्या डोक्यावर ओढ्यातल्या गाळाची पाटी चढवतात आणि त्याला वर हाकलतात. माथ्यावरच्या बिनछपराच्या, उघड्या महादेवापर्यंत शिव्या त्याच्या मागोमाग चालत येतात. चढणाऱ्याने उलट बोलायचं नाही आणि पाटी टेकवायची नाही.

अलीकडे शहरातली मुलं येतात. माथ्यावर महादेवाची भांग रानात आपली आपण उगवते असं त्यांनी कुठून तरी ऐकलेलं असतं. महादेवाची झाडलोट करणारे धाकूबाबा धोंड्याच्या सावलीत बसलेले असतात. मुलं त्यांना काका म्हणतात, हसतात, झाडं नेमकी कुठे आहेत ते विचारतात. धाकूबाबा हसत नाहीत. पाणीही विचारत नाहीत.

"झाड बघायचं तर आधी बाईचं ऐका," ते म्हणतात. "ऐकायचं नसेल तर खाली एसटी उभी आहे."

मग ते डोंगराच्या पूर्वेच्या अंगाकडे बोट दाखवतात. तिथे हिरव्या रानात काळ्या कातळाचा एक पट्टा उघडा पडला आहे, जनावराची कातडी सोलून काढावी तसा. त्याला सोललेली म्हणतात. बाईची गोष्ट तिथली आहे.

फार मागे, असे सांगतात, तो पट्टा नव्हता. सगळा डोंगर झाडाखाली होता आणि कुसरवाडीला भांग ठाऊक नव्हती. एका उन्हाळ्यात कुठलासा गोसावी आला. वाडीने त्याला दारात उभं केलं नाही. तो निमूट डोंगरावर गेला आणि महादेवाच्या पिंडीपाशी राहिला. त्याला हुसकून लावायला वाडीने धुरपाला पाठवलं, कारण धुरपाच्या तोंडाला सगळी वाडी भ्यायची. ती विधवा होती, पदरात एक मुलगा होता, आणि तिचा आवाज असा की थांब्याच्या धोंड्यावरून तिने हाक मारली तर माथ्यावरचा गुराखी वळून बघायचा.

धुरपाने गोसाव्याला मनसोक्त शिव्या दिल्या. तो ऐकत राहिला आणि हातातलं काम करत राहिला, म्हणे. एक जुना उंबर आपल्या मरणाने पडला होता. त्याच्या जागी रानात आभाळाएवढी फट झाली होती आणि तेवढ्यात ऊन उतरत होतं. गोसावी खैराच्या काठीने तिथे टोचे मारून बी टाकत होता. लांब लांब टाकत होता आणि उकरलेला पालापाचोळा पुन्हा जागच्या जागी सारत होता. धुरपा दमली तेव्हा त्याने विचारलं, "झालं तुझं?"

"नाही झालं," ती म्हणाली.

"मग या झाडाची राखण तूच कर," तो म्हणाला. "असंच तोंड पाहिजे इथं."

जाताना त्याने तिला रीत सांगितली. रानाने आपण होऊन जागा दिली तरच पेरायचं, उन्हासाठी झाड पाडायचं नाही. मातीला लोखंड लावायचं नाही. काढताना मूळ जमिनीतच ठेवायचं. काही झाडं बियांवर येऊ द्यायची आणि पाखरांसाठी उभी सोडायची. महादेवाची भांग महादेवापुरती, औषधापुरती. धुरपाने पिंडीवर हात ठेवून राखण पत्करली.

तिची राखण म्हणजे तिची जीभ. कुणी पेरायला वर निघाला की धुरपा धोंड्यावर उभी राही. काठी दाखव, हात दाखव, काल कुठे पेरलंस ते सांग. जास्त बी नेणाऱ्याच्या सात पिढ्या ती वाटेवर आडव्या घाली. "डोंगर काय तुझ्या बापानं आंदण दिलाय व्हय रं?" हे तिचं नेहमीचं. लोक तिला शिव्या देत वर जात, शिव्या खात खाली येत, आणि डोंगर होता तसा राहिला. तिच्यावर कुणाचं प्रेम नव्हतं. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं. तिचं प्रेम एकाच ठिकाणी होतं, भिवावर. तो तिचा मुलगा.

भिवा मोठा झाला, देखणा निघाला, आणि त्याची सोयरीक जुळेना. मुलगी बघायला कुठेही गेले तरी धुरपाचं नाव आधीच पोचलेलं असायचं. शेवटी घाटापलीकडच्या एका गावात मंजुळा नावाच्या मुलीशी त्याचं जमलं. मुलीचा बाप वजनदार माणूस होता. सुपारी फुटायच्या आधी त्याने भिवाला बाजूला घेऊन सांगितलं, की माझी पोर शिव्या खायला देणार नाही. तुझी आई एक पावसाळा तोंड मिटून राहिली तर तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त धरू. एक जरी वाकडा शब्द कानावर आला तरी सोयरीक मोडली.

भिवाने ते आईला सांगितलं. बोलताना त्याने तिचे पाय धरले होते, असे सांगतात. धुरपा ओढ्यावर गेली, एक गुळगुळीत खडा निवडला आणि तोंडात धरला. जेवणापुरता काढायचा, पुन्हा धरायचा. मुलाच्या संसारासाठी एवढं तर कुठलीही आई करील.

वाडीला आधी नवल वाटलं, मग हायसं वाटलं. भिवालाही हायसं वाटलं, जरा जास्तच. किल्ल्यावरच्या नाईकाला आपल्या शिबंदीसाठी गांजा हवा होता आणि त्याने भिवाला बैलजोडी कबूल केली होती. सासऱ्यापुढे बैलजोडी घेऊन उभं राहायचं भिवाच्या मनात भरलं. पडलेल्या झाडांच्या फटीत असं किती पिकणार? वैशाखात तो कुऱ्हाड घेऊन धोंड्यावरून गेला. धुरपा तिथेच उभी होती. तिने कुऱ्हाड पाहिली. भिवा क्षणभर थबकला, खाली मान घालून तिच्या बोलण्याची वाट पाहिली. ती बोलली नाही. तो वर गेला.

धाकूबाबा इथे थांबतात आणि मुलांकडे बघतात. म्हणतात, "त्या दिवशी तिनं तोंड उघडलं असतं तर मला इथं बसावं लागलं नसतं."

पूर्वेच्या अंगावरची झाडं एकामागून एक पडली. जांभूळ, हिरडा, ऐन. भिवाच्या मागून वाडीतले आणखी चौघे गेले, कारण आता धोंड्यावर उभं राहून विचारणारं कुणी नव्हतं. त्यांनी बुंधे खणून काढले, कुदळीने उतार भुसभुशीत केला, गवताची काडी ठेवली नाही. पावसाला भांग अशी तरारली की खालून बघणाऱ्याचे डोळे निवावेत. लोक धुरपाला म्हणाले, पोरानं नाव काढलं. ती खडा या गालातून त्या गालात फिरवत राहिली. रात्रंदिवस तिच्या घशाशी शब्द येत आणि खड्याला अडून परत जात. पाखरं डोंगर सोडून गेली हे तिने पाहिलं. ओढ्याला माती येऊ लागली हेही पाहिलं. तुळशीचं लग्न फार लांब नाही, असं ती मनाशी म्हणे.

श्रावणात पावसाची झड लागली. उघडीप मिळाली तशी मुलीकडची माणसं घर बघायला आली. मंजुळाचा बाप ओसरीवर बसला होता. भिवा पिकाच्या राखणीला वर खोपीत होता, त्याला बोलवायला माणूस निघायचा होता. इतर चौघे पाहुण्यांसाठी खाली आले होते. धुरपा पाण्याला म्हणून घरामागच्या झऱ्यावर गेली.

झऱ्याचं पाणी लाल झालं होतं. ती बघत असताना ते चिखल झालं, आणि मग थांबलं. तो झरा तिच्या आठवणीत कधी थांबला नव्हता.

धुरपाला कळलं. डोंगराचं पाणी आत तुंबलं होतं आणि वरची माती धरायला एकही मूळ उरलं नव्हतं. तिने वर पाहिलं. खोप दिसत होती, खोपीपुढे भिवा दिसत होता. एक हाक. उतर खाली, मुडद्या, एवढंच. त्याने ती ऐकली असती, तो उतरला असता, कारण जन्मभर त्या आवाजाला तो उतरत आला होता.

ओसरीवरून पाहुण्यांचं हसणं ऐकू येत होतं.

तिने हाक मारली नाही. ती वर निघाली. हाक न मारता भिवाला हाताला धरून आणू, सोयरीकही राहील आणि पोरही राहील, असं तिने मनाशी धरलं. ती धावत होती आणि तोंडात खडा होता. धोंड्यापर्यंत ती पोचली असेल नसेल, तेवढ्यात डोंगराची कातडी सुटली. आवाज फारसा झाला नाही, म्हणे. पीक उभंच्या उभं खाली आलं, हिरवंगार, आणि त्याच्या मध्ये खोप होती.

भिवा सापडला नाही. तो त्या गाळात आहे.

पाहुणे धावत धोंड्यापाशी आले तेव्हा धुरपाने खडा थुंकला. रडली नाही. मंजुळाच्या बापाकडे वळून तिने जे सुरू केलं ते धाकूबाबा मुलांना सांगत नाहीत, वाटेवर ऐकालच म्हणतात. तो माणूस आल्या पावली परत गेला. मग तिने त्या चौघांना धरलं, मग वाडीला, मग नाईकाला, मग महादेवाला. सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात वाईट तिने स्वतःला दिल्या. त्यानंतर तिने धोंड्यावर हात ठेवून सांगितलं, "ही कातडी परत चढत नाही तोवर या वाटेनं जाणाऱ्याशी मी गोड बोलायची नाही. आणि रिकाम्या डोक्यानं कुणाला वर सोडायची नाही."

दुसऱ्या दिवशी तिने ओढ्यातल्या गाळाची पाटी भरली आणि कातळावर नेऊन एका भेगेत ओतली. पावसाने ती धुऊन नेली. तिने पुन्हा नेली. लोक लांबून बघत, वेडी झाली म्हणत. तीही त्यांना काय काय म्हणत असे.

पाऊस ओसरल्यावर एका सकाळी घाट उतरून एक मुलगी आली. एकटीच होती. ती मंजुळा होती. बापाचं घर सोडून का आली ते तिने कधी सांगितलं नाही, आणि धुरपाने विचारलंही नाही. धुरपाने तिला धोंड्यावर उभी करून तोंडाला येईल ते ऐकवलं. तुझ्या पायी माझी जीभ गेली, तुझ्या पायी माझा पोर गेला, आता काय माती बघायला आलीस, पांढऱ्या पायाची. वाडीतल्या बायकांनी कानावर हात ठेवले. मंजुळा ऐकून घेत राहिली. मग खाली वाकून तिने एक पाटी भरली, डोक्यावर घेतली आणि चढू लागली. धुरपा मागून चालत होती आणि बोलत होती.

रोज तसंच चाललं. लग्न झालं नाही, पण सून आली, असं वाडीत म्हणतात. धुरपाने तिला एकही गोड शब्द दिला नाही. नवस होता तो.

मग ती गोष्ट घडली. एके दिवशी मंजुळा कालची भरून ठेवलेली पाटी घेऊन चढत होती, धुरपा मागे होती, आणि अर्ध्या वाटेवर धुरपाचं बोलणं एकाएकी थांबलं. मंजुळा घाबरली, कारण ते कधी थांबत नसे. तिच्या डोक्यावरच्या मातीतून भांगेचा एक कोंब वर आला होता, दोन पानांचा. चढायला लागली तेव्हा नव्हता, म्हणे. गाळात वाहून आलेलं बी होतं, ओल होती, ऊन होतं, असं शिकलेले लोक सांगतील. वाडी म्हणते, ज्या मातीत भिवा होता त्या मातीने उत्तर दिलं.

मंजुळा वळून बघू लागली. तेव्हा धुरपा ओरडली, आणि तो आवाज माथ्यापर्यंत गेला.

"मान हलवू नको, भवाने! डोक्यावर कोंब हाय."

मंजुळाने मान हलवली नाही. कातळाच्या भेगेत दोघींनी ती माती हाताने उतरवली. ती माती वाहून गेली नाही. दुसऱ्या दिवसापासून ते चौघे पाट्या घेऊन आले. आधी धोंड्यावर उभे राहून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

धुरपा गेली तेव्हा तिच्या तोंडी शिवीच होती, असे सांगतात. मंजुळा तोवर आयुष्यात कुणाला वाकडं बोलली नव्हती. तिने ओढ्यातला खडा उचलला, तोंडात धरला, आणि पहिला माणूस वाटेवर दिसताच धोंड्यावर थुंकून सुरुवात केली.

एवढं सांगून धाकूबाबा उठतात. मुलांपैकी एखादा अजूनही विचारतो की भांग नेमकी कुठे आहे. बाबा बायकांकडे हात करतात, आणि बायका त्याला फैलावर घेतात.

तेव्हापासून भांगमाथ्यावर कुणी भांग पेरत नाही, कुणी तोडत नाही. पडलेल्या झाडाच्या फटीत ती आपण होऊन येते, बियांवर जाते, पाखरं खातात, वाळते. सोललेली आता निम्मी उरली आहे. खालून गवत चढलं, गवतामागून कारवी आली, आणि कारवीत हिरड्याची पोरं उभी राहिली आहेत. वरच्या कातळावर शहरातून आलेली मुलं आपापली पाटी हाताने उतरवतात. तोवर त्यांच्या अंगात हसू उरलेलं नसतं. मात्र शेवटच्या वळणावर, पाय लटपटत असताना, मागच्या शिव्या थांबतात. सगळ्या बायका एकदम गप्प होतात. आणि मग त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी, आपल्या लेकराशी बोलावं अशा आवाजात, पाठीमागून सांगते, "मान हलवू नको."

पाटीत काही उगवलेलं नसतं. पण आजवर त्या वळणावर कुणी मान हलवलेली नाही.